वृक्षाची साक्ष

पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रांत धर्मबुद्धि आणि पापबुद्धि या दोघां मित्रांची एक गोष्ट आहे. आमच्या बहुतेक वाचकांनीं ती लहानपणीं ऐकली असेल. परदेशीं जाऊन मिळविलेलें द्रव्य दोघांनीं रानांत पुरून ठेविलें; पापबुद्धीनें तें रात्रीं एकट्यानें काढून नेलें आणि उलट धर्मबुद्धीवरच चोरीचा आळ घेतला. प्रकरण न्यायसभेंत गेलें. साक्षीदार कोण, असें विचारतां पापबुद्धीनें त्या जागेवरील शमीवृक्षाच्या देवतेचें नांव सांगितलें, आणि रातोरात आपल्या म्हाताऱ्या बापाला त्या झाडाच्या ढोलींत नेऊन बसविलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्वांच्या समक्ष झाड बोललें: धर्मबुद्धीनेंच चोरी केली. सभा थक्क झाली. धर्मबुद्धि मात्र वाद घालीत बसला नाहीं. त्यानें सरपण गोळा केलें, ढोलीभोंवतीं रचलें आणि पेटवून दिलें. अर्धवट भाजलेला म्हातारा ओरडत बाहेर आला, आणि खटल्याचा निकाल लागला.

ही गोष्ट राजपुत्रांना शहाणें करण्यासाठीं सांगितली आहे. आमच्या मतें ती वाङ्मयाच्या टीकाकारालाही तितकीच उपयोगी पडण्यासारखी आहे. वाङ्मयांत झाडें पुष्कळ बोलतात; आणि शेंदोनशें वर्षें उभा असलेला वृक्ष बोलूं लागला, कीं तो बहुधा इतिहासच सांगतो. राज्यें आलीं आणि गेलीं, सैन्यें सावलींत उतरलीं, फांद्यांवर माणसें फांसावर लटकलीं, आणि मी सर्व पाहत उभा राहिलों, असा त्याचा सूर असतो. शाळेंतील 'वटवृक्षाचें आत्मवृत्त' या निबंधापासून अलीकडच्या गाजलेल्या कादंबऱ्यांपर्यंत हा प्रकार पसरलेला आहे. अशा वेळीं वाचकानें धर्मबुद्धीचा प्रश्न मनांत धरला पाहिजे: ढोलींत कोण बसलें आहे? या लेखांत आम्ही तो प्रश्न कांहीं कृतींना विचारून पाहणार आहों.

वृक्षाला साक्षीस बोलावण्याचा मोह कां होतो, हें समजण्यास कठीण नाहीं. माणसाचें आयुष्य सत्तर-ऐशीं वर्षांचें. वृक्ष पांच-दहा पिढ्या ओलांडून जातो. तो जागचा हलत नाहीं. त्याला जात नाहीं, पक्ष नाहीं, इनामाची आशा नाहीं. मानवी साक्षीदारांची गोष्ट निराळी. बखरकारानें धन्याचें मीठ खाल्लेलें असतें, विजेत्याच्या इतिहासकाराला आपल्या साम्राज्याचा अभिमान असतो, आणि कागदपत्रें जळतात, कित्येकदां जाळलींही जातात. आज तर गतकालावरून जगांत जेथें तेथें भांडणें चालू आहेत, आणि प्रत्येक बाजू आपापलीं दप्तरें काखोटीस मारून येते. अशा गलक्यांत ज्याचा कोणाशींही लागाबांधा नाहीं असा एखादा साक्षीदार मिळावा, ही इच्छा अगदीं स्वाभाविक आहे. पण न्यायसभेंत जमलेल्या लोकांनाही हीच इच्छा झाली होती, आणि पापबुद्धीनें नेमका तिचाच फायदा घेतला.

आपल्या जुन्या कथाकारांनीं या बाबतींत मोठी सावधगिरी बाळगलेली दिसते. जातककथांत बोधिसत्त्व अनेकदां वृक्षदेवतेच्या रूपानें येतो, आणि झाडाखालीं चाललेला प्रकार पाहून दोन बोधाचे शब्द बोलतो. परंतु तेथें बोलणारी देवता झाडांत वस्तीला असलेली आहे. झाड तें तिचें घर. शिवाय कथेच्या अखेरीस, त्या जन्मींची वृक्षदेवता म्हणजे मी स्वतःच, असें बुद्धाच्या तोंडून उघड सांगितलेलें असतें. ढोलींतील इसमाचें नांव जाहीर करण्याची रीतच तेथें पडून गेली आहे.

इंग्रज कवि विल्यम कूपर यानें हा प्रश्न असाच प्रामाणिकपणें हाताळला आहे. त्याची 'यार्डली ओक' ही कविता १७९१ सालची. ती त्यानें अपुरीच ठेविली. १८०० सालीं तो वारला, आणि १८०४ सालीं त्याचा चरित्रकार हेली यानें ती प्रसिद्ध केली. कवितेंतील ओकचें झाड खरेंखुरें होतें, फार जुनें होतें आणि आंतून पोकळही होतें. ग्रीस देशांत डोडोना येथें ओकवृक्ष भविष्य सांगत, अशी आख्यायिका आहे. कूपर या झाडाला म्हणतो कीं, तुला वाचा असती तर मीं भविष्य विचारलें नसतें, भूतकाळ विचारला असता. तुझ्या साक्षीनें इतिहासाचें चुकलेलें घड्याळ नीट लावलें असतें, न नोंदलेल्या घटना मिळविल्या असत्या, चुकीच्या नोंदलेल्या दुरुस्त केल्या असत्या. इतकें म्हणून तो स्वतःच सांगतो कीं, झाडें पुन्हां बोलूं लागेपर्यंत ही आशा व्यर्थ आहे.

पुढें तर तो याहून मोठें पाऊल टाकतो. झाडाला जीभ नाहीं, ऐकणारा दुसरा कोणी नाहीं, तेव्हां देववाणीचें काम मीच करितों आणि माझ्याच कानांत बोलतों, असें तो सांगतो. म्हणजे हा म्हातारा आग लागण्याची वाट न पाहतां आपण होऊन ढोलींतून बाहेर आला आहे. कवितेचा जो भाग खरोखर उत्कृष्ट उतरला आहे तोही याच प्रामाणिकपणाचें फळ होय. एखाद्या चोरट्या पक्ष्यानें सहज गिळलें असतें असें एक बीं; त्याचा वनराज होतो; पुढें तो राजा पोकळ होऊन केवळ सालीच्या आधारानें उभा राहतो. ही वृक्षाची स्वतःची कहाणी कूपरला दिसली होती, आणि तेवढीच त्यानें सांगितली. इतिहासाचें घड्याळ लावावयास निघालेल्या या कवितेंत इतिहासांतील एकाही लढाईचा वृत्तांत नाहीं. अपुरी राहूनही ती आम्हांस खरी वाटते, याचें कारण हेंच.

येथें कोणी म्हणेल कीं, कूपरला ठाऊक नव्हतें. झाडें खरोखरच बोलतात. खोडाच्या आडव्या कापांत वर्षागणिक एक वलय दिसतें. पाऊस चांगला झाला कीं वलय रुंद, अवर्षण पडलें कीं अरुंद. अमेरिकेंतील अँड्र्यू डग्लस या ज्योतिर्विदानें या वलयांचें शास्त्र उभारलें. १९२९ सालीं अ‍ॅरिझोनांतील एका जुन्या तुळईमुळें त्याच्या वलयमालिकेंतील खंड भरून निघाला, आणि नैर्ऋत्य अमेरिकेंतील प्राचीन वसाहतींचीं बांधकामें वर्षवार निश्चित करितां आलीं. तेराव्या शतकाच्या अखेरीस १२७६ पासून १२९९ पर्यंत तेथें मोठें अवर्षण होतें, हेंही याच वलयांनीं सांगितलें. ही साक्ष अस्सल आहे. पण तिचा विषय पाहा: पाऊस, दुष्काळ, वणवा, कडाक्याचें हिंव. राजा कोण होता आणि कोणीं कोणाला मारलें, याविषयीं वलय मुकें आहे. आणि ही साक्ष मिळविण्याची किंमतही कधीं कधीं भयंकर पडते. १९६४ सालीं नेव्हाडांत संशोधनासाठीं एक जुनाट पाईन सरकारी परवानगीनें तोडण्यांत आला. वलयें मोजतां तीं ४,८६२ भरलीं. इतका वयोवृद्ध साक्षीदार आपली जबानी देतां देतां मेला.

याच्या उलट प्रकार संग्रहालयांत पाहावयास मिळतो. कॅलिफोर्नियांत १८९१ सालीं तोडलेल्या एका प्रचंड सिकोया वृक्षाचे काप न्यूयॉर्क व लंडन येथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयांत ठेविलेले आहेत. झाडाचें वय तेराशें वर्षांहून अधिक. अशा कापांच्या वलयांवर जगाच्या इतिहासांतील प्रसिद्ध घटनांच्या खुणा करून दाखविण्याचा प्रघात आहे. मुलांना काळाची लांबी कळावी म्हणून ही युक्ति चांगली. परंतु युरोपांत कोणा राजाला मुकुट चढला, त्या वर्षीं कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतील त्या झाडाला त्याचें काय होय? त्याच्या सावलींत जीं माणसें खरोखर वावरलीं, त्यांचें नांव अशा खुणांमध्यें सहसा आढळत नाहीं. झाड कॅलिफोर्नियाचें, पण खुणा करणारा हात युरोपच्या इतिहासावर पोसलेला. ढोलींत कोण बसलें आहे, हें येथें शोधावेंही लागत नाहीं.

आतां अलीकडच्या एका कादंबरीकडे वळूं, कारण आमच्या प्रश्नाची खरी कसोटी तिच्यांतच लागते. एलिफ शफाक या तुर्की-ब्रिटिश लेखिकेची 'द आयलंड ऑफ मिसिंग ट्रीज' ही इंग्रजी कादंबरी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. हरवलेल्या झाडांचें हें बेट म्हणजे सायप्रस. राजधानी निकोसिया येथें एका खानावळीच्या मधोमध अंजिराचें झाड वाढलें आहे. छपराच्या भोंकांतून त्याचा शेंडा बाहेर गेला आहे. यॉर्गोस हा ग्रीक आणि युसुफ हा तुर्क अशा दोघांची ती खानावळ. तेथेंच कोस्तास हा ग्रीक मुलगा आणि डेफ्ने ही तुर्की मुलगी चोरून भेटतात. १९७४ सालीं बेट दुभंगतें. खानावळ ओस पडते, आणि तिचे दोघे मालक नाहींसे होतात. पुष्कळ वर्षांनीं कोस्तास त्या झाडाची एक छाट लंडनला नेऊन आपल्या बागेंत लावतो. डेफ्ने वारल्यावर त्यांची सोळा वर्षांची मुलगी एडा आपल्या घराण्याचा भूतकाळ शोधूं लागते; आईबापांनीं तिला त्यांतलें कांहींच सांगितलेलें नाहीं. मधून मधून येणारीं प्रकरणें अंजिराच्या तोंडचीं आहेत. अंजीर हें वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळांतलें, आणि आपल्या पुरंदरच्या अंजिराची वनस्पतिशास्त्रांतील जातही हीच. तेव्हां मराठी वाचकाला हा निवेदक अगदींच परका वाटूं नये.

कादंबरीचें मोल ठरविण्यापूर्वीं त्या बेटाची हकीकत थोडी सांगणें अवश्य आहे. १८७८ सालीं सायप्रसचा कारभार तुर्की सुलतानाकडून इंग्रजांच्या हातीं आला, आणि १९६० सालीं बेट स्वतंत्र झालें. १९६३ च्या डिसेंबरांत ग्रीक व तुर्क या दोन समाजांत रक्तपात सुरू झाला. त्या वेळीं एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्यानें निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीनें रेघ ओढली, आणि 'हिरवी रेघ' हेंच त्या फाळणीचें नांव पडलें. त्या धामधुमींत सुमारें पंचवीस हजार तुर्की सायप्रसवासी घरादारांतून उठले. १९७४ च्या जुलैंत ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या पाठबळानें बेटावर बंड झालें. पांच दिवसांनीं तुर्कस्तानची फौज उतरली. दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेकडे आले, आणि हजारों तुर्कांना उत्तरेकडे जावें लागलें. या दोन्ही प्रसंगांत मिळून बेपत्ता झालेल्यांची अधिकृत यादी २,००२ जणांची आहे: १,५१० ग्रीक आणि ४९२ तुर्क. त्यांचा शोध घेण्यासाठीं १९८१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या साह्यानें दोन्ही समाजांची एक समिति नेमली गेली. २००६ पासून समितीचे ग्रीक आणि तुर्की शास्त्रज्ञ बरोबरीनें जमीन उकरून हाडें काढतात, ओळखतात आणि नातलगांच्या स्वाधीन करितात. हजारांहून अधिक मृतांची ओळख अशी पटली आहे. कादंबरींतील डेफ्ने पुराणवस्तुशास्त्रज्ञ होऊन याच कामाला लागते.

कादंबरींतील सर्वांत सुंदर कल्पना अंजिराच्या बोलण्यांत नसून त्याच्या बाबतींत केलेल्या एका कृत्यांत आहे. लंडनच्या थंडीनें झाड मरूं नये म्हणून कोस्तास हिंवाळ्याच्या तोंडावर तें आडवें करून जमिनींत पुरतो, आणि थंडी सरल्यावर पुन्हां उभें करितो. भूमध्यसमुद्राकडून थंड देशांत गेलेले लोक अंजीर जगविण्यासाठीं खरोखरच असें करीत आले आहेत. ज्या बेटावर पुरलेल्या माणसांचा पत्ता लागत नाहीं, तेथून आलेला मनुष्य एक झाड मात्र पुन्हां उकरण्यासाठीं पुरतो! येथें लेखिकेला एका शब्दाचेंही भाष्य करण्याची गरज पडली नाहीं.

झाड बोलूं लागलें म्हणजे मात्र कांहीं अडचणी उत्पन्न होतात. खानावळींत घडलेलें झाडानें पाहिलें, हें आम्ही मान्य करूं. पण कथेला लागणाऱ्या कितीतरी गोष्टी दुसरीकडे घडतात. त्या झाडाला कशा कळल्या, तर डास, मुंग्या, उंदीर, फुलपाखरें यांच्याकडून! कायद्याच्या भाषेंत हा ऐकीव पुरावा झाला. ज्याला एका जागीं उभें केलें त्याला त्या जागेचें बंधन पाळावयास लावणें, हा या प्रकारच्या लेखनाचा पहिला नियम होय. रवींद्रनाथांनीं १८८४ सालीं 'घाटेर कथा' ही गोष्ट लिहिली. तींत गंगेचा घाट बोलतो. त्याच्या पायऱ्यांवर जें घडतें व बोललें जातें तेवढेंच त्याला कळतें; कुसुम या बालविधवेच्या मनांतील खळबळ त्याला तिच्या पावलांवरून ओळखावी लागते. त्या अपुरेपणांतच गोष्टीचें सारें कारुण्य सांठलेलें आहे. शफाक यांच्या अंजिराला पुष्कळ अधिक ठाऊक आहे. आणि वृक्षांचा काळ निराळा, मनुष्यांचा निराळा, यावर तें व्याख्यानेंही देतें. त्या मानानें आमचा त्याच्यावरील विश्वास कमी होत जातो.

आणि मग अखेरीस ढोली उघडते. अंजिराच्या आवाजांत आपण जें ऐकत होतों, तें मरण पावलेल्या डेफ्नेचें बोलणें होतें. देह सोडतांना तिनें या झाडाचा आश्रय घेतला होता, असा उलगडा होतो. हा शेवट कित्येकांना कृत्रिम वाटेल. ग्रीक पुराणांत डॅफ्ने ही अप्सरा वृक्ष होते, त्याची ही उसनी आवृत्ति आहे, असेंही कोणी म्हणेल. आमचें मत निराळें आहे. आमच्या दृष्टीनें या शेवटानेंच कादंबरी तरून गेली आहे. जातककथेप्रमाणें येथेंही ढोलींतील इसमाचें नांव जाहीर झालें आहे. जिला आपण निष्पक्ष निसर्गाची वाणी समजत होतों ती एका आईची, एका पत्नीची, एका समाजांत जन्मलेल्या स्त्रीची वाणी होती. तिचा झुकाव कोठें, हें आतां आपल्याला कळतें, आणि म्हणूनच तिचें म्हणणें तोलतां येतें.

ढोलींत लपणारा प्रत्येक जण लबाडच असतो, असेंही नाहीं. याच लेखिकेवर तिच्या एका आधींच्या कादंबरींतील पात्रांनीं आर्मेनियन लोकांच्या कत्तलीविषयीं काढलेल्या उद्गारांबद्दल तुर्कस्तानांत खटला भरण्यांत आला होता. २००६ च्या सप्टेंबरांत ती त्यांतून निर्दोष सुटली. काल्पनिक माणसांच्या बोलण्यासाठीं जिला आरोपी व्हावें लागलें, तिनें पुढें झाडाच्या तोंडून बोलावें, यांत नवल तें काय? पापबुद्धीचा बाप खोटें बोलण्यासाठीं लपला होता; खरें बोलणेंच जेथें धोक्याचें असतें तेथें सत्यालाही कधीं कधीं ढोलीचा आसरा घ्यावा लागतो. दोघांतील फरक आगीच्या परीक्षेंत कळतो. बाहेर आल्यावरही जो तेंच बोलतो, त्याचें लपणें क्षम्य आहे.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या कादंबरींत दोन्ही समाजांचीं दुःखें शेजारीं शेजारीं मांडलीं आहेत. एक ग्रीक तर एक तुर्क, एक इकडचा मृत तर एक तिकडचा. दुःखाच्या बाबतींत ही समता योग्यच आहे, कारण आईचें रडें दोन्ही भाषांत सारखेंच असतें. जबाबदारीची गोष्ट तशी नाहीं. १९६३ सालीं काय झालें, १९७४ च्या जुलैंत पहिलें पाऊल कोणीं टाकलें, त्यानंतर कोणीं किती भूमि व्यापली, हें तारीखवार तपासावें लागतें. तें काम झाडाच्या छायेंत बसून होत नाहीं. वर सांगितलेल्या समितीलाही मृत्यूचें कारण ठरविण्याचा किंवा अपराधी कोण हें सांगण्याचा अधिकार दिलेला नाहीं. हाडें शोधावीं, ओळखावीं, घरीं पोंचवावीं, इतकेंच तिचें काम. ही मर्यादा तिनें उघडपणें पत्करली आहे, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंचे लोक तिच्यापाशीं येऊं शकतात. कादंबरींतील झाड जोंपर्यंत या समितीसारखें वागतें, म्हणजे हरवलेलीं माणसें नांवानिशीं परत आणून देतें, तोंपर्यंत आम्ही त्याचे ऋणी आहों. तें जेव्हां सर्वांनाच सारख्या मापानें समजून घेऊं लागतें, तेव्हां समजून घेणें म्हणजेच न्याय करणें, असा भ्रम वाचकाला होण्याचा संभव आहे.

झाडाला न बोलवितांही हा विषय किती समर्थपणें हाताळतां येतो, याचें उदाहरण रिचर्ड पॉवर्स यांच्या 'द ओव्हरस्टोरी' या २०१८ सालच्या कादंबरींत सांपडतें. अमेरिकेंतील चेस्टनट वृक्ष विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एका बुरशीजन्य रोगानें अब्जावधींच्या संख्येनें मेले. त्यांतून वांचलेल्या एका झाडाचें छायाचित्र आयोवांतील एक शेतकरी कुटुंब दरमहा घेतें, आणि हा नेम पिढ्यानुपिढ्या चालतो. चित्रांची चळत भराभर उलटली कीं झाड वाढतांना दिसतें. त्या घरांत जन्म होतात, भांडणें होतात, मृत्यु होतात. पण त्यांतलें कांहींच त्या चित्रांत नाहीं. माणसांचा सर्व इतिहास चौकटीबाहेर घडून गेला आहे! झाड शेजारीं होतें एवढेंच, साक्षीदार नव्हतें, ही खरी स्थिति पॉवर्स यांनीं सांगितली आहे. रवींद्रनाथांच्या 'बलाई' या १९२८ सालच्या गोष्टींतील शेवरीचें झाडही एक अक्षर बोलत नाहीं. दूर गेलेला आईवेगळा मुलगा त्या झाडाचें छायाचित्र मागवितो, आणि झाड तर काकानें तोडून टाकलेलें असतें. तें न बोलतां जें सांगून जातें तें कित्येक आत्मवृत्तांना साधलेलें नाहीं.

आमच्या तरुण लेखकांनीं हा विषय टाकून द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. महाराष्ट्रांत पारावरचे वड-पिंपळ थोडे नाहींत, आणि त्यांच्याखालीं झालेल्या पंचायती, कीर्तनें, लिलांव, बहिष्कार यांचा इतिहास लिहावयाचा आहे तो आहेच. पण तो लिहितांना त्यांनीं तीन गोष्टी पाळाव्या. झाडाला जागेचें बंधन असूं द्यावें. पारावर कोणाला बसूं दिलें आणि कोणाला उभें ठेविलें, हें झाडाच्या नांवावर विसरून जाऊं नये. आणि ढोलींत आपण बसलों आहों, हें वाचकाला केव्हांतरी कळूं द्यावें. पहिल्या दोन गोष्टी कौशल्याच्या व अभ्यासाच्या आहेत. तिसरी सचोटीची आहे, आणि ती नसेल तर पहिल्या दोहोंचा कांहीं उपयोग नाहीं.